दोन पट्टे, पाच डोकी

बाकीचे बसा. तुम्ही सहा जण उभे राहा. हो, तूसुद्धा. परवा गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड अडकवून फिरत होतास तेव्हा मान चांगली ताठ होती. आजच कशी खाली गेली?

काल रात्री तुमच्यातल्या एका विद्वानाने मुंबईतल्या त्या चित्रकथांच्या मेळाव्याचं स्टेटस ठेवलं. कापडी पट्टे बांधलेली दोन मनगटं, मागे पाच चेहरे आणि खाली ओळ, ‘दोन पासांत पाच, अकलोलीचा हिशोब’. तुमच्या यादीत माझाही नंबर आहे हे विसरलात? की आठवत होतं आणि वाटलं, बाईही हसतील? अकलोलीचं नाव आजवर लोकांनी गरम पाण्याच्या कुंडांसाठी घेतलं. वज्रेश्वरीचं दर्शन घेतलेला माणूस इथे येतो, तानसेच्या काठी पाय बुडवतो आणि बरं वाटलं म्हणत घरी जातो. त्या नावाला तुम्ही फुकट घुसल्याची फुशारकी चिकटवलीत. वर ‘हिशोब’ म्हणालात. हिशोब माझ्या विषयात येतो, म्हणून आज त्रिकोणमिती बाजूला ठेवते आणि तुमचा हिशोब तपासते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे बाहेर जाऊन ‘बाईंना आमची हौस बघवत नाही’ असं सांगत फिरणार नाही. तुम्ही नारुतो व्हा, गवताची टोपी घालून समुद्री चाचे व्हा, घरच्यांनी परवानगी दिली तर केस जांभळे करा. माझं काही म्हणणं नाही. चित्रकथा वाचणारी मुलं मला आवडतात. निदान वाचतात तरी. अंबाडी नाक्यावरून गाडी धरायची, ठाण्याला लोकलमध्ये घुसायचं, पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेले असताना डब्यातल्या लोकांची बोलणी खायची, याला हौसच लागते. पंखही तुम्ही घरी कापून, रंगवून केले होते आणि सुंदर केले होते. माझा राग आहे तो दारातल्या पाच मिनिटांवर. आत गेलेल्याने कुंपणाच्या फटीतून पट्टा बाहेर दिला, दुसऱ्याने तो चढवला आणि दारावर उभ्या असलेल्या आपल्याच गावच्या पोराने ‘सोड रे, आपलेच आहेत’ म्हटलं. त्या पाच मिनिटांवर.

आज सकाळी एकेकाला बोलावून विचारलं तेव्हा तीन उत्तरं मिळाली. पहिलं, ‘बाई, तिथे कुणी नीट तपासतच नाही.’ दुसरं, ‘एवढ्या हजारोंत आम्ही तिघंच तर जास्त.’ तिसरं, ‘पैसे भरून टाकतो ना.’ तिसऱ्यावर मी वेळ घालवणार नाही. पैसे भरायचेच आहेत, आणि ते तिकिटाच्या किमतीइतके आहेत म्हणून विषय मिटत नाही.

‘तिघंच जास्त.’ ये, फळ्यावर लिही. दोन पट्ट्यांवर पाच माणसं, म्हणजे एका पट्ट्यावर किती? अडीच. आता ही युक्ती जगात तुम्हालाच सुचली असं समजू नका. तुम्ही ती मोबाइलवर जगाला शिकवलीत आणि खाली बावीस जणांनी अंगठे दिले. समज, आयोजकाने हजार पट्टे वाटले आणि सगळे तुमच्याइतके हुशार निघाले. आत किती? अडीच हजार. पंखे हजारांचे, पाणी हजारांचं, शौचालयं हजारांची, दारं हजारांची, आणि माणसं अडीच हजार. त्यातलं सगळ्यात वाईट हे की आयोजकाच्या कागदावर अजूनही हजारच आहेत. जागा भरली हे त्याला कळायलाच मार्ग नाही, कारण कळायचा जो एकमेव मार्ग होता तो तुम्ही कुंपणाच्या फटीतून बाहेर दिलात.

पास म्हणजे पैसे भरल्याची पावती, एवढंच तुम्हाला वाटतं. ती पावती आहेच. पण दारावरच्या माणसासाठी तो एक मणी आहे. एक मणी सरकला की एक माणूस आत. एसटीचा वाहक तिकीट फाडतो तेव्हा डोकीही मोजतो, आणि मध्येच तपासणी पथक चढलं तर पहिलं काम करतं ते तिकिटं आणि डोकी जुळवण्याचं. ती जुळली नाहीत तर वाहकाला जाब द्यावा लागतो. तुमच्या दारावर जाब कोण विचारणार?

आता हा खडू घे. इथे फळ्यासमोर एक मीटर बाजूचा चौरस काढ. मोजपट्टीने काढ, अंदाजाने नको. अंदाजाचं काय होतं ते पाहतोच आहोत. काढलास? आता सहाही जण त्यात उभे राहा. दप्तरं पाठीलाच राहू देत. मेळाव्यात तर पंख होते. पाय मावले ना? खांदे मावत नाहीत. मावायचे नाहीतच. तू उजवीकडे वळून दाखव. वळता येत नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधून दाखव. नाही जमत. चपला, मोबाइल, चष्मा, जे पडेल ते गेलं.

बाकीच्यांनी नीट बघा. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असली की माणूस आपल्या मर्जीने चालतो. चार झाली की दुसऱ्याला धक्का न लावता पुढे जाता येत नाही. सहा-सातवर गेली की कुणीच आपल्या मर्जीचा राहत नाही. मागून आलेला रेटा एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या पाठीत जातो आणि अख्खी गर्दी पाण्यासारखी डुलते. अशा गर्दीत बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. ती उभ्या-उभ्या मरतात. छाती फुगायला जागा उरत नाही, श्वास बाहेर जातो तो परत आत येत नाही. ओरडायलाही श्वास लागतो, म्हणून पुढचा गुदमरतोय हे मागच्याला ऐकूच जात नाही. मागचा ‘चला रे, सरका’ म्हणत ढकलत राहतो. तो खुनी नसतो. त्याला फक्त दिसत नसतं.

सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री हेच झालं. हॅलोविनसाठी तुमच्यासारखेच वेश करून आलेली तरुण पोरं इटेवॉन भागातल्या एका उतरत्या गल्लीत अडकली. गल्लीची रुंदी ३.२ मीटर, आपल्या या वर्गाच्या निम्मी असेल. १५९ माणसं गेली. पोलिसांना पहिला फोन संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी गेला होता, प्रत्यक्ष अनर्थ झाला तो दहा वाजून गेल्यावर. मधले साडेतीन तास लोक कळवत होते की इथे माणसं चिरडतील. त्या रात्री काहींना मदतीला आलेले गणवेशातले लोकही वेश केलेलेच वाटले. तुम्ही जिथे जाता तिथे निम्मे लोक पोलीस, सैनिक आणि डॉक्टर बनून आलेले असतात. खरा मदतनीस ओळखायचा कशावरून, याचा विचार केलाय कधी?

हसू नको. चौरसात उभं राहून हसायला जागा आहे, म्हणजे अजून सातवा घालता येईल.

पण सोलच्या गल्लीला दार नव्हतं, पास नव्हता, आयोजकही नव्हता. तुम्हाला लागू पडेल असं उदाहरण कोचीचं आहे. २५ नोव्हेंबर २०२३, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ. अभियांत्रिकीच्या पोरांचा टेकफेस्ट, संध्याकाळी खुल्या रंगमंदिरात गाण्याचा कार्यक्रम. आत कुणाला सोडायचं हे कपड्यावरून ठरलं होतं. महोत्सवाचा टी-शर्ट घातलेल्या विद्यार्थ्यांना गटागटाने आत घ्यायचं. म्हणजे टी-शर्ट हाच तिथला बिल्ला. दाराच्या आत लगेच खाली उतरणाऱ्या उंच पायऱ्या. बाहेर गावातलेही लोक जमले. तेवढ्यात पाऊस आला. आडोशासाठी सगळे एकदम दाराकडे वळले, पुढचे पायऱ्यांवरून खाली गेले, मागचे त्यांच्यावर. चार जीव गेले. तीन तिथलेच विद्यार्थी, एक बाहेरून आलेला तरुण. तुमच्यापेक्षा काही वर्षांनीच मोठी मुलं. गाणं सुरूही झालं नव्हतं.

त्या पोरांनी काही वाईट केलं नव्हतं. पावसात भिजू नये म्हणून माणूस धावतोच. पण दार एक, पायऱ्या उंच, आत आणि बाहेर मिळून माणसं किती याचा ताळा कुणाकडे नाही, आणि दारावर उभे ते विद्यार्थी स्वयंसेवकच. चार गोष्टी जुळल्या, पाचवा पाऊस. मुंबईलाही पावसानेच घात केला होता. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल, २३ माणसं. सकाळी कामाला निघालेली. तुमच्यातल्या दोघांचे वडील रोज त्याच लायनीने जातात. घरी विचारा, ते सांगतील.

‘कुणी तपासतच नाही’ म्हणालात. तपासणी ढिली असते हे मला मान्य आहे. गळ्यात काहीतरी लटकतंय आणि त्याचा रंग बरोबर आहे, एवढं दारावरच्याला पुरतं. नाव वाचत नाहीत, तारीख बघत नाहीत. शनिवारचा पट्टा रविवारी चालतो. आपल्याकडे बिल्ला खरा कडक तपासला जातो तो एकाच ठिकाणी, भोजनमंडपाच्या दारात. तिथे आत्याच्या नवऱ्यालाही ओळख दाखवावी लागते, कारण तिथे पानं मोजलेली असतात. पानं मोजतो. माणसं मोजायची म्हटलं की आपल्याला संकोच वाटतो.

बंगळुरूला ४ जून २०२५ ला काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंत. आयपीएल जिंकलेल्या संघाचा सत्कार चिन्नास्वामी मैदानात होता. मुख्यमंत्र्यांनीच नंतर सांगितलं, मैदानात मावतात ३५,००० आणि आले दोन-तीन लाख. पास लागणार की नाही, मोफत आहेत की नाहीत, कुठे मिळणार, याचा दिवसभर गोंधळ. दारं अर्धवट उघडली, लोक एकदम लोटले, ११ जण गेले, बहुतेक तरुण. त्याच वर्षी ८ जानेवारीला तिरुपतीत वैकुंठद्वार दर्शनाची टोकनं घ्यायला जमलेल्या गर्दीत सहा जण गेले होते. म्हणजे गर्दी आवरायला काढलेल्या टोकनांसाठीच गर्दी झाली. पासही नीट वाटावा लागतो, पोरांनो. आवाज करत कुठेही भिरकावला की तोच घात करतो.

आता तू. स्वयंसेवक. बाकी पाच जण आत घुसले, त्यांच्यावर माझा राग आहे. तुझ्यावर त्याहून जास्त आहे, आणि का ते नीट ऐक.

इंग्लंडात शेफील्ड गावी हिल्सबरो नावाचं फुटबॉलचं मैदान आहे. १५ एप्रिल १९८९. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा मोठा सामना. लिव्हरपूलच्या बाजूने आत जायला फिरत्या दांड्यांची दारं होती; एका वेळी एकच माणूस आत जाणार आणि त्याची मोजणी होणार. दारं थोडी, माणसं फार. बाहेर चेंगरायची वेळ आली तेव्हा पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं फाटक आत यायला उघडलं. दोनेक हजार माणसं त्यातून न मोजता आत गेली. समोरच एक बोगदा होता, तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उघडायचा, आणि ते कप्पे आधीच गच्च होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. ९७ माणसं गेली, त्यातलं शेवटचं २०२१ मध्ये, बत्तीस वर्षं आजार भोगून.

गणिताच्या पोरांनी इथे थांबायचं. पूर्ण मैदानाची बेरीज केली तर माणसं मर्यादेच्या बाहेर नव्हती. सरासरी काढली असती तर सगळं ठीक दिसलं असतं. सरासरीने कुणी वाचत नाही. एका कप्प्यात किती, एका दारात किती, एका पायरीवर किती, हे मोजावं लागतं. म्हणून मोठ्या मेळाव्यात दालनाचं वेगळं, रंगमंचाचं वेगळं, सह्या घ्यायच्या रांगेचं वेगळं मोजतात. तुम्ही पाच जण कुठे गेलात? सगळ्यात जास्त गर्दी असते तिथे, पहिल्या रांगेत. फुकट घुसलेला माणूस कोपऱ्यात जाऊन गुपचूप बसत नाही.

पुढे ऐक. शेफील्डचं खापर कित्येक वर्षं प्रेक्षकांवरच फोडलं गेलं. उशिरा आले, दारू पिऊन आले, बिनतिकीट आले. मेलेल्यांच्या आईबापांना ते ऐकावं लागलं. २०१६ मध्ये तिथल्या ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता. बंदोबस्त ज्यांच्या हाती होता त्यांची चूक होती. सत्तावीस वर्षं लागली एवढं वाक्य यायला. आत येणारा माणूस पुढचं दृश्य बघत येतो. त्याला आतलं माहीत नसतं. माहीत असायला हवं ते दारावरच्याला, आणि दारावरचा तू होतास. पाच मित्र दिसले आणि तू मोजायचं थांबलास.

तुला ओळखीने स्वयंसेवक केलं असेल, जेवणाचं कूपन आणि एक टी-शर्ट दिला असेल, आणि कसं तपासायचं हे कुणी शिकवलं नसेल. ते आयोजकांचं पाप, त्यांना कुणीतरी विचारेलच. पण ‘आपलेच आहेत’ हे वाक्य तुला कुणी शिकवलं नव्हतं. ते घरून आलं. आपल्याकडे दारावर उभ्या माणसाची ताकद तो किती जणांना अडवतो यात मोजत नाहीत. तो किती जणांना सोडू शकतो यात मोजतात. ओळखीचा आहे तर सोड, साहेबांचा माणूस आहे तर सोड, मंडळाचा आहे तर सोड. ज्याची काही ओळख नाही तो उन्हात उभा, आणि त्याचा श्वास कमी करायला आत आणखी एक आपला.

आणि हे तुला कळत नाही असं कसं म्हणू? चैत्र अमावास्येच्या यात्रेत मी तुला वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर दोर धरून उभा पाहिलंय. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर बांधवलेलं देऊळ ते. त्याला किल्ल्यासारखा तट आहे. तटाची दारं शत्रूला थोपवायला बांधतात, भक्तांची लाट आत घ्यायला नाही. म्हणूनच तिथे दोर लागतो. तेव्हा एक पांढऱ्या कपड्यातला माणूस मध्येच घुसू पाहत होता आणि तू त्याला म्हणालास, ‘काका, रांगेतून.’ मी खाली उभी होते, मला ऐकू आलं. बरं वाटलं होतं. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला, वाईजवळच्या त्या डोंगरावर, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, मधून वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर. ते सगळं तुला तुझ्या आजीने सांगितलेलं आहे, म्हणून देवीच्या पायरीवर तू दोर सोडत नाहीस. मुंबईतल्या वातानुकूलित दालनात मात्र काही होणार नाही असं तुला वाटलं. देवळात मरण येतं आणि मॉलमध्ये येत नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?

चौरसातून बाहेर नका येऊ. अजून झालं नाही.

तुम्ही ज्या जगाचे भक्त आहात त्यानेच हे कसं सांभाळलं ते तुम्हाला माहीत नाही, याची मला जास्त लाज वाटते. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० मध्ये पहिलं संमेलन झालं, एका हॉटेलात, तीनेकशे माणसांचं. आज तिथे लाखाच्या वर लोक येतात. बॅजवर नाव असतं, तो दुसऱ्याला देता येत नाही, आणि २०१६ पासून त्यात चिप असते. न्यूयॉर्कवाल्यांनी ती २०१३ मध्येच आणली. दारावरच्या खांबाला बॅज लावायचा, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. त्यामुळे या क्षणी आत किती, हे आयोजकाला कळतं. तुम्हाला ती चिप म्हणजे चोर पकडायचं यंत्र वाटते. ते मोजायचं यंत्र आहे.

उलट उदाहरणही आहे. २०१८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात यूट्यूबवरच्या एका प्रसिद्ध मुलीने रुसव्यातून स्वतःचं संमेलन भरवलं. हॉटेलात मावत होते हजारभर, आले त्याच्या कितीतरी पट. पोरं पार्किंगच्या जागेत तासन् तास उन्हात उभी. पहिल्याच दिवशी सगळं गुंडाळावं लागलं. सुदैवाने कुणी गेलं नाही, म्हणून त्याचे विनोद झाले. ज्यांना विनोद करायला मिळतात ते नशीबवान.

आणि जपान. टोकियोचा कॉमिकेट. १९७५ मध्ये सातेकशे माणसांनी सुरू झाला, आता लाखोंत आहे. तिथे बऱ्याच वर्षांपर्यंत तिकीटच नव्हतं! मग चाललं कसं? तिथे येणाऱ्या कुणालाच गिऱ्हाईक म्हणत नाहीत. विकणारा, विकत घेणारा आणि दारावर उभा असलेला, सगळे सहभागी. रांग लावतात ती तुमच्यासारख्याच हौशी पोरांनी, पगाराविना. तरी पुढे त्यांनी मनगटाला पट्टे आणले, आणि करोनानंतर पुन्हा सुरू केलं तेव्हा दिवसाला ५५,००० ची मर्यादा घालून तिकिटं काढली. शिस्त होती तरी मोजणी आणली. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली हाटात पहिलं कॉमिक कॉन भरलं, मग मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, पुणे. वय किती, चौदा-पंधरा वर्षं. तुमच्याएवढंच. म्हणजे सवयी आत्ता लागताहेत, आणि त्या तुम्ही लावताय.

आता हा कागद. मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलावर ठेवला. तुमचाच अर्ज आहे, शाळेच्या सभागृहात तुमचा स्वतःचा मेळावा भरवायचा. गेल्या वर्षी साठ जण आले होते, ठीक होतं, मीही डोकावून गेले होते. यंदा लिहिलंय, ‘भिवंडी, वाडा, वसई व विरार येथून अंदाजे ५०० प्रेक्षक अपेक्षित. बहुतेक सर्व परिचित असल्याने पासची आवश्यकता नाही.’ पुन्हा वाचते. परिचित असल्याने. आवश्यकता. नाही. शुद्धलेखन बरोबर आहे, तेवढंच.

करा गणित. सभागृह ६० फूट बाय ३०. क्षेत्रफळ १,८०० चौरस फूट, म्हणजे साधारण १६७ चौरस मीटर. रंगमंच, टेबलं, तुमचे पोस्टरचे स्टॉल यांनी एक तृतीयांश खाल्लं. उरले ११० च्या आसपास. चालता-फिरता यावं म्हणून चौरस मीटरला दोन माणसं धरू. किती? दोनशे वीस. तुम्ही लिहिलेत पाचशे, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये साडेचारच्या वर. आत्ता सहा जण उभे आहात. त्यातला एक बाहेर काढा, दुसऱ्याचा अर्धा काढा, आणि तसेच चार तास उभे राहा, मे महिन्यात, अकलोलीत. बाहेर कुंडातलं पाणी परवडेल.

आता दारं. सभागृहाला दोन दारं आहेत, म्हणाल. एक आहे. मागच्या दाराला आतून मोडकी बाकं लावलीत आणि बाहेरून कुलूप आहे; किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा रविवारी गावी असतात. पुढचं दार मीटरभर. ब्रिटनमध्ये मैदानांसाठी जी सुरक्षेची पुस्तिका आहे तिच्या हिशोबाने सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्या असल्या तर ६६. आपल्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत. पाचशेला सहासष्टने भागा. साडेसात मिनिटं, आणि तीही सगळे शहाण्यासारखे चालले तर. तुमच्या रोषणाईच्या वायरीतून ठिणगी उडाली आणि पडदा पेटला, तर साडेसात मिनिटं कोण देणार? वायरी जोडणारा कोण आहे? तूच ना? मागच्या वर्षी एका प्लगमध्ये चार पिनी खुपसल्या होत्यास.

अर्ज मी फाडत नाही. नामंजूरही करत नाही. नामंजूर केला तर तुम्ही तोच प्रकार एखाद्या रिसॉर्टच्या हिरवळीवर कराल आणि तिथे तर फळाही नसेल. दुरुस्त करून आणा. पाचशे खोडा, दोनशे लिहा. दोनशे पास, क्रमांक घातलेले, नाव लिहिलेले. दाराशी एक जण पास बघणार, दुसरा फक्त मोजणार. आत गेला एक, बाहेर आला एक, वहीत रेघ. मोजणाऱ्याने कुणाशी बोलायचं नाही, सेल्फी काढायचा नाही, मित्र आला तर मान वर करायची नाही. दोनशे झाले की दार बंद. दोनशे एकावा माझा मुलगा असला तरी बाहेर. पोलीस पाटलांना आधी कळवा, ग्रामपंचायतीत पत्र द्या, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर दारावर चिकटवा. पाण्याचे दोन पिंप, एक आत, एक बाहेर.

मोजायला तू बसायचंस. हो, तूच. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर मला कळेल.

आणि तुम्ही पाच जण ते स्टेटस काढा. चोवीस तासांत आपोआप जातं हे मला माहीत आहे. तरी आत्ता काढा, माझ्यासमोर. मग आयोजकांना पत्र लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. किती जण, किती पट्टे, कुठली फट, सगळं लिहा, आणि तीन तिकिटांचे पैसे सोबत पाठवा. दारावरच्या मुलाचं नाव घालू नका. तो स्वतःचं पत्र स्वतः लिहील.

या आता चौरसातून बाहेर. पाय आखडले? दहा मिनिटंही झाली नाहीत.

शिपाईमामांकडून किल्ली घ्या, मोजपट्टी माझ्या टेबलावर आहे. सभागृह माझ्या आकड्यांवर सोडू नका, स्वतः मोजा. पण त्याआधी मागच्या दारामागची बाकं हलवा, आणि ते दार उघडतं का ते मला येऊन सांगा.